किटवेला जाण्याआधी

किटवे, चिंगोला, मुफुलिरा, लुआन्श्या, चांबिशी. गेले कित्येक महिने ही नावं आमच्या विभागाच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहिलेली आहेत आणि त्यांच्याखाली कुणीतरी 'पुसू नये' असं बजावून ठेवलं आहे. झांबियाच्या उत्तरेला, काँगोच्या सरहद्दीला चिकटून तांब्याच्या खाणींचा जो पट्टा आहे, त्यातली ही शहरं. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलामुलींचा एक गट घेऊन येत्या जूनमध्ये मी तिथं जाणार आहे. अभ्यासाचा विषय खाणकाम आणि गरिबी. जून निवडला, कारण तेव्हा तिथं कोरडा, थंडीचा हंगाम असतो, वस्त्यांकडे जाणारे रस्ते चालू असतात आणि आपल्याकडच्या परीक्षाही आटोपलेल्या असतात. व्हिसा, विमा, लशी, मलेरियाच्या गोळ्या, पालकांची संमतिपत्रं ही कामं चिकाटीनं होतात, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कशासाठी जायचं, कुणाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे ठरवण्यात आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. तो जायलाच हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

महाविद्यालयाच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला तो रास्त होता. खाण आणि गरिबी बघायला आफ्रिकेत कशाला जायचं? वणी आहे, घुग्गुस आहे, सुरजागड आहे. एसटीनं जाता येतं. माझं उत्तर असं होतं, की या पट्ट्यात एका खाणीचं पूर्ण शतक कागदावर उतरलेलं सापडतं. १९२० च्या दशकात ब्रिटिश आणि अमेरिकी भांडवलानं मोठ्या खाणी सुरू झाल्या. १९३५ मध्ये कर वाढवला म्हणून मजुरांनी संप केला, लुआन्श्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सहा जण मेले. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला, पुढच्या काही वर्षांत सरकारनं खाणी ताब्यात घेतल्या, १९८२ मध्ये त्या सगळ्या एका सरकारी कंपनीत आल्या. मग तांब्याचा भाव पडलेला, डोक्यावर कर्ज, आणि १९९७ ते २००० या काळात तुकड्या-तुकड्यांनी विक्री. आणि दुसरं कारण आपल्या घराजवळचं. चिंगोल्याची कोंकोला कॉपर माइन्स ही कंपनी २००४ मध्ये ५१ टक्के मालकीनं ज्या वेदांताकडे गेली, त्याच समूहाच्या कंपनीनं गोव्यात डिचोलीला लोहखनिज काढलं आहे. आपल्या माणसांच्या पैशाची आणि निर्णयांची पावलं जिथं उमटली आहेत, तिथं जाऊन आपण काही शिकू नये, असं कसं म्हणता येईल? बैठकीत हे पटलं. काही जणांना अर्धवट पटलं असेल, पण सह्या झाल्या.

मुलांच्या मनात सुरुवातीला एक सरळसोट चित्र होतं. जमिनीत तांबं आहे, परकी कंपनी ते नेते, म्हणून वर राहणारा माणूस गरीब. हे चित्र खोटं नाही, पण त्यात हिशेब नाही. म्हणून मी पहिले काही तास फक्त आकड्यांना दिले. झांबियाच्या निर्यातीच्या उत्पन्नातला साधारण ७० टक्के वाटा तांब्याचा. खाजगीकरणाच्या वेळी ज्या करारांवर सह्या झाल्या, त्यांत खनिजाची रॉयल्टी ०.६ टक्के होती. शंभर डॉलरच्या तांब्यामागे साठ सेंट. आणि हे दर पुढची पंधरा-वीस वर्षं बदलायचे नाहीत, असंही त्या करारांत होतं. २००३ पर्यंत तांबं टनाला दोन हजार डॉलरच्या आत-बाहेर होतं, २००६ मध्ये ते आठ हजारांवर गेलं. करार मात्र जुनेच. शेवटी २००८ मध्ये सरकारनं ते मोडीत काढले आणि रॉयल्टी ३ टक्के केली. फळ्यावर हे आकडे एकाखाली एक मांडल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं विचारलं, "मॅडम, मग सरकारनं आधी सह्या केल्याच का?" हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर शोधताना मुलांना कळलं, की सरकारी कंपनी रोज तोट्यात चालली होती, कर्ज देणाऱ्या संस्थांनी विक्रीची अट घातली होती आणि घेणाऱ्यांना घाई नव्हती. खाणी विकल्या म्हणून गरिबी आली, असं म्हणणारे आणि सरकारी खाणींनीच देश बुडवला, असं म्हणणारे, दोघंही अर्धीच गोष्ट सांगतात. ती पुरी वाचायला आम्हाला बरेच आठवडे लागले.

झांबिया २००९ पासून खनिज उत्पन्नाच्या पारदर्शकतेच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात आहे. कोणत्या कंपनीनं सरकारला किती भरले आणि सरकारनं किती मिळाले म्हणून नोंदवले, याचे अहवाल तिथं जाहीर होतात. भारत त्या उपक्रमात नाही, हे कळल्यावर मुलं चक्रावली. लुसाकातलं जेझुइट सेंटर फॉर थिऑलॉजिकल रिफ्लेक्शन पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला लागणाऱ्या गरजेच्या वस्तूंचा खर्च नियमितपणे काढतं: मक्याचं पीठ, तेल, वाळवलेले मासे, कोळसा, घरभाडं. त्या खर्चाशेजारी कंत्राटी खाणमजुराचा पगार मांडला की गरिबीची व्याख्या वेगळी शिकवावी लागत नाही. सरकारच्या २०२२ च्या पाहणीत देशातली ६० टक्के माणसं दारिद्र्यरेषेखाली निघाली. हे सगळं पुण्यात बसून वाचता येतं. मग किटवेच्या एखाद्या बाईच्या अंगणात बसून 'तुमच्या घरात महिन्याला किती पैसे येतात?' हे का विचारायचं?

आमच्या पहिल्या प्रश्नावलीत हा प्रश्न होता. दिवसातून किती वेळा जेवता, मुलं किती, शाळेत किती जातात, घरात कोण आजारी आहे, हेही होतं. पानंच्या पानं. किटवेतल्या ज्या प्राध्यापिका आमच्यासोबत हा अभ्यास करणार आहेत, त्यांना आम्ही ती पाठवली. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, की यातलं बहुतेक सगळं आमच्या लोकांनी याआधी सांगितलेलं आहे, ते कुठं गेलं ते आधी बघा. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. ऱ्होड्स-लिव्हिंगस्टन इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था १९३७ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून अभ्यासक ताम्रपट्ट्यातल्या माणसांना विचारत आले आहेत. हॉर्टेन्स पावडरमेकर यांचं 'कॉपर टाउन' १९६२ चं, जेम्स फर्ग्युसन यांचं 'एक्स्पेक्टेशन्स ऑफ मॉडर्निटी' १९९९ चं, अलस्टेअर फ्रेझर आणि जॉन लुंगू यांचा खाजगीकरणावरचा अहवाल २००७ चा. आफ्रिकेतल्या सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या भागांपैकी हा एक. मग आम्ही एक नियम केला. प्रश्न फळ्यावर लिहायचा, आणि याचं उत्तर कुठं छापलेलं आहे का, ते आठवडाभर शोधायचं. सापडलं, तर प्रश्न खोडायचा. मुलांना आधी हे जिवावर आलं. आपण लिहिलेला प्रश्न खोडणं सोपं नसतं. पण हळूहळू त्यांना त्यात गोडी वाटू लागली, आणि माझ्या आजवरच्या अध्यापनात इतकं मन लावून वाचन झालेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

झांबियातल्याच काब्वे शहरात जायचं का, हा प्रश्नही असाच सुटला. तिथली शिशाची खाण १९०२ ते १९९४ चालली. ती बंद झाल्यावरही मातीत शिसं आहे आणि लहान मुलांच्या रक्तात ते घातक प्रमाणात सापडतं. दोन विद्यार्थ्यांना तिथं जायचं होतं. मी नाही म्हटलं. त्या मुलांचं रक्त पुष्कळदा तपासलं गेलं आहे, त्यांचे फोटो जगभर छापले गेले आहेत, त्यांच्या नावानं जोहान्सबर्गच्या न्यायालयात दावा गेला आणि २०२३ च्या डिसेंबरात न्यायालयानं तो सामूहिक दावा म्हणून चालवायला परवानगी नाकारली. आमच्याकडे डॉक्टर नाही, औषध नाही, वकील नाही. काब्वेत आम्ही त्यांना काहीही देऊ शकणार नव्हतो.

एका निकालपत्रानं मात्र आमची दिशा ठरवली. चिंगोल्याजवळच्या गावांतल्या १,८२६ जणांनी खाणीच्या सांडपाण्यानं ओढे, नदी आणि शेती नासल्याचा दावा थेट इंग्लंडमध्ये लावला होता, वेदांताच्या तिथल्या मुख्य कंपनीवर आणि कोंकोला कंपनीवर. प्रश्न असा होता, की हा खटला इंग्लंडमध्ये चालावा की झांबियात. १० एप्रिल २०१९ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तो आम्ही वर्गात मोठ्यानं वाचला, परिच्छेदामागून परिच्छेद. कायद्याची भाषा मुलांना जड गेली, तरी एका जागी सगळे थांबले. घटना झांबियातली, माणसं झांबियातली, साक्षीदार झांबियातले, म्हणजे खटल्याची योग्य जागा झांबियाच, असं न्यायालयाला दिसत होतं. तरीही खटला इंग्लंडमध्ये चालेल, असं ठरलं. कारण दावा करणारे कमालीचे गरीब होते, जिंकल्यावर फी घेण्याच्या बोलीवर वकील करणं झांबियाच्या कायद्यात बसत नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या कंपनीशी इतका गुंतागुंतीचा खटला लढवण्याइतकं बळ असलेले वकील त्यांना तिथं मिळणं शक्य नव्हतं. दारिद्र्य हा शब्द मुलांनी पाठ्यपुस्तकांत शेकडो वेळा वाचला होता. खटला कुठल्या देशात चालणार, हे त्यावरून ठरलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पुढे २०२१ च्या जानेवारीत, जबाबदारी मान्य न करता, कंपनीनं तडजोड केली.

त्याच्या आधीचा झांबियातला खटला त्याहून बोलका आहे. २००६ मध्ये चिंगोल्यात खाणीच्या गाळाची वाहिनी फुटली आणि विषारी पाणी नदीत गेलं. २,००१ रहिवासी न्यायालयात गेले. २०११ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं कंपनीला दोषी धरून भरपाई ठरवली. २०१५ मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, पण भरपाई फक्त १२ जणांपुरती राखली. ज्यांनी वैद्यकीय अहवाल दाखल केले होते, ते बारा. बाकीचे आजारी पडले नव्हते, असं कुणी म्हटलं नाही. त्यांच्याजवळ कागद नव्हता.

वर्गात वणीची एक मुलगी आहे. तिच्या आजोबांची जमीन कोळशाच्या खाणीत गेली आणि त्या बदल्यात वडिलांना नोकरी लागली. ती बोलायला उठली तेव्हा आवाज चढलेला होता. "मॅडम, आमच्याकडे प्रकल्पग्रस्ताचा दाखला, संपादनाची नोटीस, सातबाराचे जुने उतारे सगळं आईनं धान्याच्या कोठीत ठेवलंय. चोर आला तरी तिथं हात घालणार नाही म्हणून. चुलत काकांकडे नोटीस सापडली नाही. त्यांच्या मुलाला नोकरी नाही. जमीन एकाच बांधाची." अभ्यासाचा विषय त्या दिवशी ठरला. खाणीभोवतीच्या गरीब घरांत कोणते कागद असतात, ते कोण सांभाळतं, कुठं ठेवतं, कोणते हरवतात आणि वेळ आल्यावर कोणता कागद कामाला येतो. याचं उत्तर छापलेलं आम्हाला कुठं सापडलं नाही. हे त्या घरांनाच विचारावं लागेल, आणि विचारण्यात अर्थही आहे.

मग वाचन वेगळ्या दिशेनं गेलं. सरकारी कंपनीच्या काळात ताम्रपट्ट्यात कामगाराला घर, दवाखाना, शाळा, क्लब, मयताची व्यवस्था, सगळं खाणीकडून असे. खाजगीकरणाच्या सुमारास खाणींची घरं त्यात राहणाऱ्यांनाच विकली गेली. कित्येकांच्या थकलेल्या रकमेतून घराची किंमत वळती झाली. म्हणजे नोकरी गेली आणि घराचा कागद हातात आला. त्या कागदानं कुणाला आधार दिला, कुणी तो गहाण टाकला, कुणाच्या विधवेला तो आपल्या नावावर करून घेता आला? खाणीचा दवाखाना बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तेव्हा तिथल्या आजाराच्या नोंदींचं काय झालं? दक्षिण आफ्रिकेतही हेच दिसतं. तिथल्या सोन्याच्या खाणींतल्या सिलिकोसिसच्या खटल्यात २०१९ मध्ये मोठी तडजोड मंजूर झाली, पण तिचा लाभ घेण्यासाठी १२ मार्च १९६५ ते १० डिसेंबर २०१९ या काळात ठरावीक खाणींत काम केल्याचं दाखवावं लागतं. लेसोथो, मोझांबिकमधल्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या नोकरीचा पुरावा कुठून आणायचा? फुफ्फुसातली धूळ राहते, हजेरीपत्रक राहत नाही.

परदेशात जाण्याआधी हे विचारून बघायला हवं होतं, म्हणून आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात गेलो. तिथं २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ चालू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. खाणी चालू होत्या तेव्हा डंपचा गाळ पावसात शेतात उतरायचा. बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या दारात बँकेची माणसं यायला लागली. एकाच घरात दोन्ही तऱ्हेचे कागद असतात, हे तिथं कळलं. एका वयस्कर शेतकऱ्यानं आम्हाला बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि कपाटावरून प्लॅस्टिकची जाड पिशवी उतरवली. आत एक-चौदाचा उतारा, त्यावर आजोबांचं नाव. गाळ भरल्याबद्दल मामलेदारांना दिलेले अर्ज, प्रत्येकावर आवक शिक्का, शाई फिकी पडलेली. भाताच्या नुकसानीचा पंचनामा, एका कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेला. आणि सर्वांत खाली मुलाच्या ट्रकच्या कर्जाचं पुस्तक. त्यांनी प्रत्येक कागद आमच्या हातात देण्याआधी पंचानं पुसला. एका विद्यार्थ्यानं फोन काढला तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "वाच, पण फोटो नको. ह्यांचो फोटो काडून न्हेल्ले खूब जाण." त्यानं फोन खिशात ठेवला आणि वहीत लिहायला घेतलं. तासाभरात आम्ही पाचच प्रश्न विचारले असतील. बाकी सगळं तेच बोलत होते, कागद पुढे करत, त्यामागची एकेक फेरी सांगत. कुठल्या साहेबानं उद्या या म्हटलं, कुठल्या बाईनं बसायला खुर्ची दिली, सगळं त्यांच्या लक्षात होतं.

परतताना बसमध्ये मुलांनीच नियम लिहून काढले. कागदाचा फोटो घ्यायचा नाही. नाव, पत्ता, खातेक्रमांक टिपायचे नाहीत. कागदावर काय आहे यापेक्षा तो मिळवायला काय करावं लागलं ते ऐकायचं. 'तुमच्यासाठी काही करता येईल का बघतो' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. हा शेवटचा नियम पाळणं सर्वांत कठीण आहे, कारण समोरचा माणूस डोळ्यांत बघत असतो आणि आपल्याला चांगलं वाटावंसं वाटत असतं. मी मुलांना सांगितलं, की आशा लावून निघून जाणं हा गरिबावरचा मोठा अन्याय आहे. कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज करता येतो याची खात्रीची माहिती असेल तरच ती द्या, नाहीतर नुसतं ऐका.

तिथं आपण कोण म्हणून दिसणार, याचाही विचार करावा लागला. आमची मुलं वणी, भंडारा, सोलापूर, कराड इथली. बहुतेकांच्या घरची परिस्थिती बेताची. पण चिंगोल्यात ती भारतातून आलेली माणसं असतील, आणि तिथं भारत म्हटलं की दुकानदार आठवतील आणि खाणीचे साहेब आठवतील. २०१९ मध्ये झांबिया सरकारनं कोंकोला कंपनीवर अवसायक नेमला, आणि काही वर्षांच्या भांडणानंतर खाण पुन्हा वेदांताकडे आली. अशा जागी एखादा भारतीय चेहरा घराघरांत जाऊन कागद कुठं ठेवलेत असं विचारू लागला, तर लोकांना काय वाटेल? म्हणून प्रश्न आमची मुलं विचारणार नाहीत. किटवेतले विद्यार्थी बेंबा भाषेत बोलतील, आमची मुलं सोबत बसतील, ऐकतील, त्यांनी विचारलं तर आपल्या घरच्या कागदांबद्दल सांगतील. बेंबातलं नमस्कार-चमत्कारापुरतं बोलणं सगळ्यांनी पाठ केलं आहे. मोठ्या माणसासमोर थोडं वाकून, दोन्ही हात जोडल्यासारखे करून हळू टाळी वाजवायची, तेही.

किटवेत 'ब्लॅक माउंटन' नावाचा तांब्याच्या भट्टीतल्या मळीचा प्रचंड ढिगारा आहे. त्यातून उरलंसुरलं तांबं वेचणाऱ्या तरुणांना तिथं जेराबो म्हणतात. २०१८ च्या जूनमध्ये तो ढिगारा ढासळून दहा तरुण मेले. काही मुलांना तिथं जाऊन मुलाखती घ्यायच्या होत्या. अभ्यासाला ते फार मोलाचं ठरलं असतं, हे मान्य. पण ज्यांचं काम कधी परवानगीनं चालतं आणि कधी पोलीस येऊन थांबवतात, त्यांच्याबद्दल आपण लिहिलेलं उद्या त्यांच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. त्यांच्याकडे जायचं नाही, असं ठरलं. किटवेच्या प्राध्यापिकांनीही तेच सुचवलं होतं. काफुए नदीकाठच्या वस्त्यांत मात्र जाणार आहोत. १८ फेब्रुवारी २०२५ ला चांबिशीजवळ खाणीच्या टाकाऊ गाळाचं धरण फुटलं, आम्लाचं पाणी ओढ्यातून काफुएत उतरलं आणि किटवेचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. मासे मेले, काठावरचं पीक करपलं. त्या शेतकऱ्यांची नुकसानीची नोंद कुणी केली, कशी केली, त्याची प्रत त्यांना मिळाली का, हे कागद आज ताजे आहेत. वीस वर्षांनी नसतील.

आमच्या तयारीत एक अडचण मुलांच्याच घरून निघाली. वणीच्या त्या मुलीचा पासपोर्ट अडला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी ऱ्हस्व, आधारवर दीर्घ, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नावाची दुरुस्ती, मग पुन्हा अर्ज. तिच्या वडिलांनी त्यासाठी पाळ्या बदलून घेतल्या, तालुक्याला खेपा घातल्या, एजंटाला पैसे दिले. पासपोर्ट आला तो दिवस विभागात सणासारखा गेला. ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "चिंगोल्यातल्या त्या दोन हजारांपैकी मी कोण झाले असते, ते आता मला सांगू नका." एका मुलाच्या पासपोर्टचं मात्र काम झालं नाही. तो इथं राहून निकालपत्रांचा आणि अहवालांचा मराठी सारांश तयार करतो आहे. गटातलं सर्वांत कसोशीचं काम तेच आहे आणि त्याचं नाव अहवालावर पहिलं येणार आहे.

पैशांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. गरिबीच्या अभ्यासाला फक्त पैसेवाल्यांची मुलं जाणार असतील तर तो दौरा काढूच नये, असं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यामुळे खर्च समान वाटला नाही. ज्यांना झेपेल त्यांनी जास्त भरले, काहींचा पूर्ण खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलला. किटवेच्या प्राध्यापिकांनी दोन अटी घातल्या होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांना कामाचा मोबदला आणि अहवालावर बरोबरीचं नाव. दोन्ही आम्ही लेखी मान्य केल्या. तिथल्या विद्यापीठाच्या नीतिसमितीनं मंजुरी देताना आणखी एक गोष्ट विचारली: अहवाल कुठं ठेवणार? उत्तर आधीच ठरलं होतं. इंग्रजी प्रत किटवेच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, बेंबा भाषेतला सारांश ज्या वस्त्यांत आम्ही बसलो त्या वस्त्यांच्या सभांमध्ये वाचून दाखवायचा, आणि कोणकोणते कागद जपून ठेवावेत याची साधी एक पानाची यादी प्रत्येक घरी द्यायची. मराठी प्रत वणीत आणि डिचोलीत.

महाराष्ट्रातल्या ज्या प्राध्यापकांच्या मनात असा दौरा काढायचं आहे, त्यांना एवढीच विनंती आहे. तिकिटं काढण्याआधी तुमची प्रश्नावली तिथल्या माणसांना पाठवा, त्यांनी खोडलेले प्रश्न मुकाट्यानं खोडा आणि यजमान विद्यार्थ्यांचा मोबदला अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा. आणि ज्या वाचकांच्या घरात खाणीचे, धरणाचे, संपादनाचे जुने कागद पडून आहेत, त्यांनी या आठवड्यात ते उन्हात टाकून, झटकून, त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. एक प्रत भावाकडे, बहिणीकडे, दुसऱ्या गावी ठेवावी.